वालधुनीचा काठ आणि आपली नजर

कल्याण स्थानक सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडीजवळ येऊ लागली, की दारात उभ्या असलेल्या प्रवाशांचे हात नकळत खिशातील रुमालाकडे जातात. वालधुनी जवळ आल्याची ती खूण आहे. काकोळ्याच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत येते, उल्हासनगर ओलांडते आणि विठ्ठलवाडीमार्गे कल्याणच्या खाडीला जाऊन मिळते. शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमारास, शिलाहारांच्या कारागिरांनी जिच्या काठी एवढे देखणे मंदिर उभे केले, तिच्याकडे आज काठावरची वस्ती पाठ करून बसली आहे. बोलण्यातही तिला आता कोणी फारसे नदी म्हणत नाही. ती ‘नाला’ झाली आहे; आणि ज्या प्रवाहाला लोक नाला म्हणू लागतात, त्याच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवलेले असते हे निराळे सांगावयास नको.

अशा नद्यांच्या काठी उद्याने करावीत, चालण्यासाठी वाटा कराव्यात, नागरिकांना चार मोकळे श्वास घेता यावेत, ही कल्पना अधूनमधून मांडली जाते आणि ती स्वागतार्हच आहे. कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर या दोन महानगरपालिकांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, त्या विठ्ठलवाडीच्या दाट वस्तीला मोकळ्या जागेची गरज किती आहे, हे तेथील गल्ल्यांतून एकदा फिरून आलेल्या कोणासही पटेल. परंतु अशा कामांसाठी आपल्या नगरपालिकांच्या कागदपत्रांत जो शब्द हमखास योजिला जातो, तो मात्र विचार करावयास लावणारा आहे. तो शब्द म्हणजे ‘सुशोभीकरण’. शोभा कशात आहे, ती कोणाच्या डोळ्यांनी ठरवावयाची आणि त्या शोभेची किंमत कोणी मोजावयाची, हे तीन प्रश्न या एका शब्दाच्या आड दडलेले आहेत. त्यांची उत्तरे न शोधता निविदा काढल्या जातात, आणि मग नदीकाठ असो, तलाव असो वा टेकडी असो, सगळीकडे तीच फरसबंदी, तीच रंगीत कारंजी आणि तोच हिरवा गालिचा उगवतो.

लोकांना काय आवडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. ठाण्यात कोलशेत येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे वीस एकरांचे एक भव्य उद्यान खुले झाले. तेथे झाडे हजारोंनी लावली आहेत, हे आधी नमूद केले पाहिजे. परंतु त्या उद्यानाचे आकर्षण म्हणून जे सांगितले जाते ते म्हणजे मोगल, चिनी, जपानी आणि मोरोक्कन धर्तीच्या चार बागा. तिकीट काढून लोक तेथे जातात, मुलांची छायाचित्रे घेतात आणि प्रसन्न होऊन घरी येतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि येऊरच्या जंगलाच्या इतक्या जवळ असलेल्या शहराला आपल्या उद्यानासाठी चार देशांकडून रूप उसने घ्यावेसे वाटले, परंतु या मातीतल्या रानाचे रूप घ्यावेसे वाटले नाही, ही गोष्ट मात्र नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

हा दोष ठाणेकरांच्या माथी मारण्याचे कारण नाही. आपली उद्यानाची कल्पनाच अशी घडलेली आहे. मुंबईत मलबार टेकडीवर पाण्याच्या टाक्यांच्या माथ्यावर १८८१ च्या सुमारास जी बाग तयार झाली आणि जिला आपण हँगिंग गार्डन म्हणून ओळखतो, तेथील कातरून केलेले झुडपांचे प्राणी पाहतच मुंबई प्रांतातील कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. शेजारच्या कमला नेहरू उद्यानातील म्हातारीच्या बुटात शिरून खिडकीतून डोकावले नाही, असे मूल मुंबई-ठाण्यात विरळाच असेल. बाग म्हणजे काय, याचे चित्र आपल्या मनावर तेथे उमटले: सपाट हिरवळ, रेखीव ताटवे, एका उंचीवर छाटलेले कुंपण आणि ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी. गोऱ्या साहेबाने आपल्या थंड, बारमाही भिजणाऱ्या बेटावरून आणलेले हे चित्र आपण एवढे आत्मसात केले, की आज ते परके आहे याची जाणीवही उरलेली नाही.

ही आवड खोटी आहे असे म्हणता येणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचा संसार करणाऱ्या, दिवसाचे तीन तास गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने काढणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे थोडी मोकळी, नीटनेटकी, सावरलेली जागा हवी असेल, तर त्यात गैर काय? ज्याच्या आयुष्यात सगळीकडे दाटीच आहे त्याला बागेतही दाटी नको असते. प्रश्न एवढाच आहे, की त्याच्या या रास्त मागणीला आपण जे उत्तर देतो आहोत ते या हवामानाला, या मातीला आणि या नदीला परवडणारे आहे काय.

हिरवळीचा हिशेब

थोडा हिशेब करून पाहू. ठाणे जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो, परंतु तो मुख्यतः चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हिरवळ हिरवी ठेवावयाची तर पाणी घालणे भाग असते. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या जागेवरील गवताला दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका चौरस मीटरला पाच लिटर आणि एका एकराला वीस हजार लिटर होतात. म्हणजे रोज दहा हजार लिटरचे दोन टँकर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. त्या मापाने पाहिले तर एक एकर हिरवळ उन्हाळ्यात सुमारे दीडशे माणसांचे पाणी पिते. ज्या परिसरात एप्रिल उजाडला की हंड्यांच्या रांगा लागतात आणि टँकरवरून भांडणे होतात, तेथे हा हिशेब कोणी तरी मोठ्याने वाचून दाखविला पाहिजे. वापरलेले पाणी शुद्ध करून बागांना घालावे हा उपाय चांगला आहे; पण तेही पाणी सावली देणाऱ्या झाडाच्या मुळाशी घालावे की केवळ पाहण्यासाठी राखलेल्या गवतावर शिंपडावे, हा प्रश्न उरतोच.

दुसरा हिशेब जिवांचा. महाराष्ट्राने २०१५ साली ‘नीलवंत’ या निळ्या-काळ्या भव्य फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. हा मान मिळविणारे ते देशातील पहिलेच राज्य म्हणून त्या वेळी कौतुकही झाले. पण हे फुलपाखरू आकाशातून उतरत नाही. लिंबाच्या कुळातील झाडांची पाने त्याच्या अळ्या कुरतडतात आणि लहानपणी त्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात. आपल्या बागांतील माळ्याला वर्षानुवर्षे शिकविले आहे, की कुरतडलेले पान हा बागेचा कलंक आहे. म्हणून तो अळी दिसली की चिरडतो आणि फवारणी करतो. प्रवेशद्वारावर फुलपाखराचे चित्र आणि आत फुलपाखराच्या बाळपणाला फाशी, असा हा प्रकार आहे. सुगरण पक्ष्याच्या घरट्याचे कौतुक आपण मुलांना शाळेत शिकवितो. ते घरटे विणण्यासाठी लागणारे लांब पात्यांचे गवत मात्र ‘अस्वच्छता’ म्हणून कापून टाकतो. शिशिरात पडणारा पालापाचोळा झाडून पेटवून देतो आणि मग त्याच झाडांसाठी खताची पोती विकत आणतो.

तिसरा हिशेब पुराचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते मुंबईचे दुःख म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्याच दिवशी कल्याण, उल्हासनगर आणि बदलापूरच्या वस्त्यांत जे पाणी घुसले त्याची आठवण येथील लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीला पसरावयास जागा लागते, हा धडा एवढ्या कठोरपणे शिकविला गेल्यावरही काठाला उभी भिंत घालून वर फरशी बसविणे यालाच आपण सुशोभीकरण म्हणत राहिलो, तर मग दोष पावसाला देऊन चालणार नाही. महापुरात ताठ उभे राहणाऱ्याचे काय होते आणि लव्हाळ्याचे काय होते, हे संतवाङ्मयावर वाढलेल्या मराठी माणसाला नव्याने समजावून देण्याची गरज पडू नये.

डोळ्यांची फसगत

निसर्गाच्या बाबतीत डोळे हे विश्वासू साक्षीदार नसतात, ही गोष्ट आपल्या याच परिसराइतकी दुसऱ्या कोणी अनुभवली नसेल. मोहन्याजवळ उल्हास नदीवर जलपर्णी पसरते तेव्हा दुरून पाहणाऱ्याला एखादे हिरवे कुरण पाहावे असे वाटते. वर जांभळट फुलांचे तुरेही डोलत असतात. छायाचित्रासाठी याहून सुंदर देखावा शोधून सापडणार नाही. प्रत्यक्षात तो हिरवा रंग नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याची कबुली असतो. त्या गालिच्याखाली पाण्याचा श्वास कोंडत असतो. डोंबिवलीकरांनी तर २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता पाहिला. त्या रंगांत शोभा शोधण्याचे धाडस कोणी केले नाही, एवढेच समाधान.

याच्या उलट, भाद्रपदात पडीक जागेवर गुडघाभर उंच माजलेले गवत, त्यातला तेरडा, मधूनच डोकावणारी पिवळी फुले, चैत्रात पर्णहीन उभा असलेला वृक्ष, पाण्याच्या कडेची पाणकणसे हे सारे आपल्याला ओंगळ वाटते. जे जिवंत आहे ते कुरूप दिसावे आणि जे गुदमरते आहे ते सुंदर दिसावे, अशी ही फसगत आहे. म्हणून लोकांना काय आवडते एवढेच विचारून उद्यान आखले, तर ते उद्यान या फसगतीचीच पक्की, सिमेंटमधली नोंद होऊन बसेल.

रानाचे भय

येथवरचे विवेचन वाचून निसर्गप्रेमी मंडळी मान डोलावतील. त्यांनाही दोन शब्द ऐकविणे आवश्यक आहे. सामान्य माणसाला रान आवडत नाही, याचा अर्थ त्याची अभिरुची अडाणी आहे असा निष्कर्ष काढून ही मंडळी मोकळी होतात. परंतु विठ्ठलवाडीत राहणाऱ्या माणसाने आजवर ‘रान’ कोणत्या रूपात पाहिले आहे, याचा विचार कोणी केला आहे काय? त्याच्या अनुभवात न कापलेले गवत म्हणजे कोणाची मालकी नसलेली जागा. अशी जागा म्हणजे राडारोडा टाकण्याची जागा. आणि राडारोड्यामागून कचरा, कचऱ्यामागून उंदीर, उंदरांमागून साप आणि अंधार पडल्यावर दारूचे अड्डे. झुडपांची दाटी पाहून संध्याकाळी कामावरून परतणारी स्त्री रस्ता बदलते, ती सौंदर्यदृष्टी कमी आहे म्हणून नव्हे. पलीकडे कोण उभे आहे हे तिला दिसत नाही म्हणून. साचलेले पाणी पाहून डासांची आठवण होणाऱ्या आईला ‘ही पाणथळ जागा आहे, येथे बेडूक आहेत’ असे सांगून भागणार नाही. या लोकांची नजर चुकत नाही. उपेक्षेची चिन्हे ती अचूक वाचते. चूक एवढीच होते, की खरोखरीचे रान आणि उपेक्षित उकिरडा यांतला फरक तिला दाखवून देणारे काही त्या जागेवर नसते.

हीच गोष्ट अमेरिकेतील भूरचनेच्या अभ्यासक जोन नासाउअर यांनी १९९५ साली एका निबंधात मोठ्या नेमकेपणाने मांडली. निसर्गसंपन्न जागा बहुधा विस्कटलेल्या दिसतात. माणसाला मात्र कोणी तरी येथे लक्ष देते आहे, निगा राखते आहे, याची खूण हवी असते. ती खूण मिळाली, म्हणजे कडेला कापलेल्या गवताचा एक पट्टा, एखादे साधे कुंपण, समोर फुलांची एक ओळ असली, की त्याच्या आतले रान लोक आनंदाने स्वीकारतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लंडनमध्ये २०१२ साली ऑलिंपिकसाठी जे उद्यान झाले, तेथे शेफील्ड विद्यापीठाच्या नायजेल डनेट आणि जेम्स हिचमो यांनी कातरलेल्या हिरवळीऐवजी फुलांची कुरणे फुलविली आणि ती ऐन स्पर्धेच्या दिवसांत बहरतील अशी पेरणी केली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. रानाला चौकट मिळाली आणि रंगाची जोड मिळाली, की तेच डोळे त्याच रानाकडे निराळ्या दृष्टीने पाहतात, हा त्यातला बोध आहे.

चौकट आपल्याकडेही होती

आणि हा बोध घेण्यासाठी लंडनला जाण्याचीही गरज नाही. वडा-पिंपळाभोवती दगडी पार बांधणारा आमचा पूर्वज दुसरे काय करीत होता? झाड त्याने कातरले नाही. पारंब्या वाटेल तशा वाढू दिल्या, ढोलीत पोपट आणि पिंगळे राहू दिले. फक्त बुंध्याभोवती चार दगड रचून त्याने सांगितले, की हे झाड कोणाचे तरी आहे. त्या एका पाराने अस्ताव्यस्त वृक्षाचे सार्वजनिक जागेत रूपांतर केले. देवराईची कथा याहून बोलकी आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून या रायांनी किती दुर्मीळ वनस्पती सांभाळून ठेवल्या आहेत हे जगापुढे आले. देवराईत वेलींचे जाळे असते, पडलेले ओंडके असतात, पाचोळ्याचा थर असतो, दिवसाही अंधार असतो. पण तिला ओंगळ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नसते. कारण तिच्या दाराशी एक शेंदूर लावलेला दगड असतो. तो दगड हीच तिची चौकट.

श्रद्धेची गोष्ट सोडा. कासच्या पठारावर पावसाळा सरता सरता हजारो माणसे जातात, ती काय पाहावयास? तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे. म्हणजे जी आपल्या दारात उगवली असती तर आपण तण म्हणून उपटली असती, अशीच बहुतेक फुले. तेथे प्रवेशशुल्क आहे, वाटा आखलेल्या आहेत, फुलांची नावे सांगणारी माणसे आहेत. नाव कळले की तणाची वनस्पती होते. तेव्हा मराठी माणसाला रानाचे सौंदर्य कळत नाही, हा आरोप टिकणारा नाही. ते सौंदर्य आपल्या नगरात, आपल्या नित्याच्या वाटेवर भेटू शकते, ही अपेक्षाच त्याला कोणी ठेवू दिलेली नाही.

मुंबईतही याचे उत्तम उदाहरण आहे. धारावीच्या लगत, मिठी नदीच्या काठी जेथे शहराचा कचरा टाकला जात होता, त्या सुमारे ३७ एकर जागेवर माती घालून, हजारो झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. आज तेथे गर्द झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरे आहेत. कचऱ्याच्या ढिगावर हे होऊ शकले, तर वालधुनीच्या काठी होणार नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ते आपोआप झालेले नाही. तेथे दार आहे, वाट आहे, वाट दाखविणारी माणसे आहेत आणि दशकांची निगा आहे.

विठ्ठलवाडीसाठी काही सूचना

मग वालधुनीच्या काठी नेमके काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे चालण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीचा पट्टा नेमाने कापलेला, झाडलेला असावा. वाटेलगतची झुडपे गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नयेत आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या खाली येऊ देऊ नयेत, म्हणजे नजर आरपार जाते. दिवे मात्र वाटेवर असावेत, झाडांच्या शेंड्यांवर नव्हेत. या पट्ट्याच्या पलीकडे नदीच्या बाजूला जमीन उतरती ठेवावी आणि तेथे वाळा, नळ, लव्हाळे, पाणकणीस यांना वाढू द्यावे. त्यांच्या वरच्या टप्प्यावर वाळुंज, करंज, उंबर, अर्जुन, जांभूळ ही पाण्याशी सोयरीक असलेली झाडे असावीत. आणि लोकांच्या डोळ्यांना रंग हवा असतो, त्याची व्यवस्था याच मातीतल्या झाडांकडून करून घ्यावी. माघ-फाल्गुनात पांगारा आणि काटेसावर, चैत्र-वैशाखात बहावा आणि आपले राज्यपुष्प तामण, पावसाळ्यात कदंब, भाद्रपदात तेरडा. वर्षाचे एवढे रंगीत पंचांग हाताशी असताना मादागास्करचा गुलमोहर आणि परदेशी हिरवळ यांच्यावरच विसंबून राहण्याचे कारण नाही.

हिरवळ अजिबात नको, असाही हट्ट धरू नये. मुलांना लोळावयास, म्हाताऱ्यांना बसावयास थोडी हिरवळ असलीच पाहिजे. पण ती वापरण्यासाठी असावी, पाहण्यासाठी नसावी; आणि जेथे ती आहे तेथे ‘गवतावर चालू नये’ ही पाटी नसावी. शिवाय दोन-तीन मोठ्या झाडांना पार बांधावेत, आणि ते बांधताना बुंध्याभोवतीची माती सिमेंटने लिंपून टाकू नये. झाडांवर आणि गवताशेजारी नावे लिहावीत. मराठीत तर लिहावीतच, पण हा परिसर फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी बांधवांनी वसविलेल्या उल्हासनगराच्या उंबऱ्यावर आहे, म्हणून सिंधी आणि हिंदीतही लिहावीत. ‘येथील गवत मुद्दाम राखले आहे, मुनियांना त्याचे बी लागते’ एवढी एक ओळ शंभर भाषणांचे काम करील.

दुसरी गोष्ट माळ्याची. आपल्याकडे उद्यानाची देखभाल कंत्राटाने दिली जाते आणि किती क्षेत्रावर गवत कापले यावर पैसे मोजले जातात, तेथे गवत न कापणारा माळी हा कामचुकार ठरतो. कोणते कापावे, कोणते ठेवावे आणि केव्हा कापावे हे ज्ञान कापण्यापेक्षा अवघड आहे. त्याचे शिक्षण आणि त्याचा मोबदला माळ्याला मिळाल्यावाचून कागदावरचे जैविक उद्यान वर्षभरात एक तर गालिचा होईल, नाही तर उकिरडा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारण्याची. सर पॅट्रिक गेडीस हा थोर नगररचनाकार १९१४ मध्ये या देशात आला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. नगराची पाहणी केल्यावाचून आराखड्याला हात लावू नये, ही त्याची शिकवण. डासांच्या भयाने गावोगावची तळी बुजविण्याचा सपाटा चालला असता, तळी बुजवू नका, त्यांत मासे सोडा, असे त्याने सांगितले. लोकांचे भय त्याने उडवून लावले नाही आणि त्या भयापोटी तळेही गमावले नाही. विठ्ठलवाडीला आज याच वृत्तीची गरज आहे. काठाच्या शंभर-दोनशे मीटरांवर एक तुकडा रूढ पद्धतीने आणि एक तुकडा वर सांगितल्या पद्धतीने करावा. तीन वर्षे दोन्ही राखावेत. दोन्हींवर किती पाणी, किती पैसा आणि किती औषध खर्च झाले याचे फलक तेथेच लावावेत. आणि मग लोकांना विचारावे. विचारताना केवळ सकाळी चालावयास येणाऱ्या निवृत्त मंडळींना नव्हे, तर स्त्रियांना, शाळकरी मुलांना, आठवड्याची एकच सुट्टी मिळणाऱ्या कामगारालाही विचारावे. कोरे चित्र दाखवून विचारलेल्या प्रश्नाला सवयीचे उत्तर मिळते. तीन पावसाळे पाहिलेल्या माणसाचे उत्तर अनुभवाचे असते. तीन वर्षांनीही लोकांनी गालिचाच पसंत केला, तर तो त्यांचा हक्क आहे. पण तो निर्णय तरी डोळसपणे घेतलेला असेल.

आधी नदी, मग काठ

या साऱ्या विवेचनाला एक मोठी पुस्ती जोडल्यावाचून ते अप्रामाणिक ठरेल. कारखान्यांची रसायने, कपडे रंगविणाऱ्या आणि धुणाऱ्या व्यवसायांचे पाणी आणि वस्त्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे या नदीने पोटात घेतले. २०१४ साली तिच्यात सोडलेल्या रसायनांतून निघालेल्या वायूने उल्हासनगर परिसरातील शेकडो लोकांना रुग्णालयात नेले. अशा नदीच्या काठी कितीही तामण फुलविले, तरी नाकावरचा रुमाल दूर होणार नाही. पाणी शुद्ध न करता काठ सजविणे म्हणजे आजारी माणसाला नवे कपडे घालून फोटोला बसविणे होय. आणि हा आक्षेप मोरोक्कन बागेला जेवढा लागू आहे तेवढाच देशी रानालाही लागू आहे. लव्हाळी आणि पाणकणसे थोडीफार घाण गाळून घेतात हे खरे, पण कारखान्यांच्या पापाचे ओझे त्यांच्या डोक्यावर देणे हा अन्याय आहे. सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरणाची केंद्रे ही दिसत नाहीत, त्यांच्या उद्घाटनाला गर्दी होत नाही. नेमक्या याच कारणासाठी नागरिकांनी त्यांचा आग्रह आधी धरला पाहिजे.

परंतु म्हणून नदी निर्मळ होईपर्यंत काठाचा विचारच करू नये, असेही नाही. ज्या प्रवाहाकडे लोक पाठ करून बसतात, त्याच्यात कोण काय सोडते हे पाहावयास कोणी उरत नाही. काठावर माणसे येऊन बसू लागली, पोरे खंड्या पक्ष्याची वाट पाहू लागली, एखाद्या आजीने वाळुंजाचे झाड नातवाला नावाने ओळखून दाखविले, की रात्रीच्या अंधारात रिकामा होणारा टँकर कोणाच्या तरी नजरेस पडेल आणि कोणी तरी ओरडेल. निगा राखलेले रान हे अशा रीतीने नदीचे राखणदारही होऊ शकते. नाल्याची पुन्हा नदी व्हावयाची असेल, तर पहिल्यांदा लोकांनी तिच्याकडे तोंड करून बसले पाहिजे. आणि बसण्यासाठी एक पार, एक सावली आणि पुढे पाहावेसे वाटेल असे काही तरी, एवढे देणे हे नगरपालिकांचे काम आहे.